मौन

पेन्शन सुरू झाली, तरी मंजुळाबाई सिस्टर उपकेंद्रातल्या त्याच खुर्चीत होत्या, आता कंत्राटावर. गावात कुणाला हे सांगितलं नव्हतं.

शिवकन्या धावत आली. बाईंच्याच सांगण्यावरून नर्सिंग शिकलेली. पण यंदा विहिरी आटल्या आणि ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघालेली.

"बाई, तुमची जागा निघाली का? निघाली आसंल तर ट्रॅक्टरातलं बिऱ्हाड उतरवते."

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"अगं बया, गुरुवारचं मौन व्हय! बांधाबांधीत वाराचं भानच न्हाई ऱ्हायलं. ऱ्हाऊ द्या. लेकराला तापाच्या गोळ्या तेवढ्या द्या."

बाईंनी ओंजळभर दिल्या.

ट्रॅक्टर दिसेनासा झाला, तरी त्यांना भिंतीवरच्या दत्ताकडे बघवेना.

तो मंगळवार होता.