‘क’ आणि ‘छ’

संगणकावरचा मजकूर बोटांनी वाचायच्या ब्रेल पट्टीवर चाळीस घरं होती, प्रत्येकात वरखाली होणाऱ्या सहा टाचण्या. रेडिओ केंद्राच्या तंत्रज्ञ ऋताने सगळ्या दोनशे चाळीस तपासल्या. एकही अडकत नव्हती, पण प्रत्येक घरातल्या तळाच्या दोघींची अदलाबदल होत होती. संगणकाने ‘क’ पाठवला की बोटांखाली ‘छ’ उठायचा. पट्टीच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे कायमची बसवलेली आज्ञावलीच चुकीची होती आणि पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. म्हणून तिने पट्टीला अक्षरं पाठवणाऱ्या, संगणकातल्या ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली: पाठवण्याआधीच दोघींच्या जागा बदल. अक्षरं बरोबर उठू लागली.

रेडिओवर हवामानवृत्त थेट जायला पाच मिनिटं होती. दृष्टिहीन निवेदिका शरयूताईंनी पट्टीवरून बोटं फिरवली.

“छमाल तापमान कत्तीस... अगं, काय करून ठेवलंस?”

“दुरुस्त केलं, ताई. आता ‘क’ म्हणजे ‘क’च.”

“तीन वर्षं या पट्टीवर मी मनातल्या मनात उलटवून वाचतेय, बाई! पाच मिनिटांत बोटांना काय समजावू?”

ऋताने ती ओळ पुसली. पट्टी पुन्हा चुकू लागली.

लाल दिवा लागला आणि शरयूताई वाचू लागल्या, “आजचं कमाल तापमान छत्तीस अंश सेल्सिअस.”