घराकडं तोंड केलेल्या चपला

बसवनगुडीतलं ते घर बघायला आम्ही पाचसहाजण गेलो होतो. दारात चपला काढताना, घर दाखवणारे नरसिंहअण्णा म्हणाले, “हे घर आमच्या आजोबांनी आखलं. पाहुणे आत आले की आजोबा त्यांच्या चपला रस्त्याकडं वळवून ठेवायचे. ज्याला ठेवून घ्यायचं असेल, त्याच्या मात्र तशाच.”

आतला लाल जिना बघून आम्ही बाहेर आलो. सगळ्यांच्या चपला रस्त्याकडं वळल्या होत्या. माझ्या तेवढ्या घराकडं.

“अण्णा, ही कुणाची थट्टा?”

“मी तर तुमच्याबरोबरच होतो, अक्का.”

असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. चपला वळवल्या, पायात घातल्या आणि ताडताड फाटकाकडं निघाले.

समोर लाल जिना आला.