फळीवरचे चिनी मातीचे कुत्रे

"आसा या कुत्र्यांबद्दल फार बोलायचा, मावशी," लायमन म्हणाला.

भिंतीतल्या शेगडीवरच्या फळीवर चिनी मातीचे दोन पांढरे कुत्रे समोरासमोर बसले होते. तांबडे कान, गळ्यात सोनेरी साखळी. ड्रुसिला पीसलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. त्याच्या अंगावर शिपायाचा निळा कोट होता.

"काय म्हणायचा माझा लेक?"

"लहानपणी त्यांना घास भरवायचो, म्हणायचा. आणि मग तुमच्या हातचा मार खायचो." लायमनने आवाज खाली आणला. "तो गेला तेव्हा मी शेजारीच होतो. फार तळमळला नाही. आम्हीच पुरलं त्याला, नदीकाठी."

ड्रुसिलाने एप्रनमध्ये तोंड खुपसलं. बऱ्याच वेळाने उठली आणि त्याला वाटाण्याचं सूप वाढलं.

दुपारपर्यंत गावभर बातमी झाली. पाद्री आले, शेजारणी आल्या. लढाईतून पळालेल्या शिपायांना धरून नेणारा भरती कचेरीचा साहेबसुद्धा टोपी काढून दारात उभा राहिला.

नणंद प्रुडन्सने मात्र ड्रुसिलाला स्वयंपाकघरात ओढलं.

"वहिनी, तो माणूस लबाड आहे. हे कुत्रे तुम्ही गेल्या हिवाळ्यात फेरीवाल्याकडून घेतलेत. आसा त्याच्या आधीच लढाईवर गेला होता. त्याने ते पाहिले कधी?"

"गोंधळला असेल बिचारा."

"अहो, तो खोटं बोलतोय म्हणजे आपला आसा जिवंत असेल. कळतंय का तुम्हाला?"

"रविवारी चर्चमध्ये आसासाठी प्रार्थना आहे," ड्रुसिला शांतपणे म्हणाली. "तिथे तू काही बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे."

दुःखाने वहिनीचं डोकं फिरलंय, असं प्रुडन्सला वाटलं. ती रडत घरी गेली.

रविवारी लायमनने भर चर्चमध्ये आसाचं मरण सांगितलं. या खेपेला आसाने मरताना झेंडा धरला होता. बायका हुंदके देत होत्या. निघताना ड्रुसिलाने त्याला दिवंगत नवऱ्याचे बूट दिले, सफरचंदाचा अख्खा केक बांधून दिला.

"फार उपकार झाले तुझे," ती म्हणाली. लायमनला तिच्याकडे बघवेना. तो भराभर चालू लागला.

रस्त्याच्या वळणापलीकडे तो दिसेनासा झाला तशी ड्रुसिला आत आली. तिने दाराला कडी घातली, पडदे ओढले, ताट वाढलं आणि शिडीने माळ्यावर गेली. गवताच्या ढिगाऱ्यामागून दोन हात पुढे आले.

"पोटभर जेव, आसा," ती म्हणाली. "आजपासून तू मेलास."