कोकराच्या कानाजवळची चीर

मध्यंतराचा नामघोष थांबला, कीर्तनकार पद्मिनीताईंच्या गळ्यात हार पडला, आणि माणसं उठून एकमेकांना बुक्का लावू लागली. प्लेनोतल्या कृष्णाच्या लिव्हिंग रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून वाट काढत विवेक समोर येऊन उभा राहिला. दोन वर्षांनी.

त्यानं कृष्णाच्या कपाळाला बुक्का लावला आणि तळव्यात काहीतरी दाबलं.

"घे. आणि आता बोल माझ्याशी, यार."

कृष्णानं मूठ किंचित उघडली. पृथ्वीच्या गोलावर उभं कोकरू, पायाशी धरलेलं शांतीचं निशाण. न्यूरेंबर्गचं सोन्याचं नाणं, तीनशे वर्षांपूर्वीचं.

लढाया थांबल्या, तह झाले, की जुनी जर्मन शहरं अशी सोन्याची नाणी पाडत. कृष्णा तीच जमवायचा. कोकरू त्यातलं सगळ्यात लाडकं. कानाजवळ बारीक चीर होती, म्हणून तर त्याला ते परवडलं होतं. विवेकलाही तोच नाद. पुण्याहून दोघं एकाच विमानानं परदेशी आले होते, आणि नाण्यांच्या प्रदर्शनांना एकाच गाडीतून जायचे.

दोन वर्षांपूर्वी, मागच्या कीर्तनात विवेकच म्हणाला होता, "डबीतून काय बघायचं? हातात दे ना."

कृष्णानं दिलं. तेवढ्यात आरतीची घंटा झाली. दिवे मालवले. कृष्णा नेहमीसारखा मुलांच्या घोळक्यात शिरला. ताटात टाकायला प्रत्येकाच्या हातावर खिशातलं डॉलरचं सोनेरी नाणं ठेवलं, शेवटचं स्वतः टाकलं. दिवे लागल्यावर पाहिलं तर मखमलीतला कोकराचा खळगा रिकामा.

"तुझ्याच हातात परत दिलं, यार," विवेक म्हणाला होता.

कृष्णाला तसं काही आठवत नव्हतं. त्यानं आरोप केला नाही. फक्त बोलणं थांबवलं. पुढे विवेकनं आपला सगळा संग्रह मोडल्याचं कानावर आलं, तेव्हा कृष्णाला वाटलं, मन खात असणार.

"शांतीची नाणी जमवतोस आणि जिवाभावाच्या माणसाशी अबोला धरतोस," त्याची बायको सुहासिनी म्हणायची. "शोभतं का?" यंदा विवेकला बोलावणं तिनंच धाडलं होतं.

उत्तररंगात पद्मिनीताई क्षमेवर गायल्या. 'ज्यानं क्षमा केली, तो मोकळा झाला' असं म्हणत त्यांनी सूर लावला. आरती झाल्यावर कृष्णा विवेककडे गेला आणि त्याला उराशी धरलं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "मी मनातून काढून टाकलं."

विवेकचे डोळे भरले. पण तो नुसता हसला. "प्रसाद कुठाय रे? भूक लागलीये."

कृष्णानं नाणं खळग्यात ठेवलं. जरा जास्तच लखलखीत वाटलं. पण त्यानं भिंग हातात घेतलं नाही. क्षमा केल्यावर पुन्हा तपासायचं नसतं, असं त्याला वाटलं. स्वतःबद्दल त्याला किंचित अभिमानही वाटला.

सकाळी पद्मिनीताई पुढच्या कीर्तनासाठी अ‍ॅशबर्नला निघाल्या होत्या. चहा घेता घेता त्यांनी पिशवीतून बुक्क्याची जुनी डबी काढली.

"कृष्णाभाऊ, कालच द्यायचं होतं, पण गर्दीत राहून गेलं. मागच्या वेळी आरतीच्या ताटात आलं होतं हे. मला वाटलं, तुमच्या इथलाच डॉलर. नागपूरला घरी देवाच्या पायाशी ठेवलं. यंदा देव उजळायला दिले, तर सराफ म्हणाला, बाई, हे अस्सल सोनं आहे. कुणाच्या तरी हातून अंधारात पडलं असणार. ज्याचं त्याला द्या."

"कुणी टाकलं असेल हो?" सुहासिनीनं विचारलं.

कृष्णानं डबी उघडली आणि बोटानं बुक्का बाजूला केला.

कोकराच्या कानाजवळ बारीक चीर होती.