जांभळीचा वाटा

शहाण्णव साली कुंदनने कोपरखैरण्यात पहिली बिल्डिंग बांधली आणि पार्टी दिली. तळमजल्याच्या पांढऱ्याशुभ्र मार्बलवर उभा राहून तो बरणीतली वाईन पाहुण्यांना वाढत होता.

"आईनं हातानं केलीय. आमच्याच अंगणातली जांभळं. खत नाय, औषध नाय."

"पुढच्या वर्षीपण पाहिजे हां," पाहुणे म्हणाले.

"देऊ की. टेन्शन नाय."

हे ऐकून मालतीबाई उठल्या. त्यांनी पेला भरला आणि तिथेच फरशीवर ओतला. जांभळा डाग पसरत गेला.

"आई, येडी झालीस काय? मार्बल खराब केलास."

"पयला पेला जांभलीच्या बुंध्याशी ओततात. यंदा राहला होता," मालतीबाई म्हणाल्या. "तू तोडलास तो बुंधा इथंच होता."