आजोबांच्या अंगणातली पाटी

ब्रॅनिगन चोवीस वर्षं आमदार आहे आणि यंदा त्याच्याच पक्षाच्या तिकिटासाठी माझी आई त्याच्याविरुद्ध उभी राहिलीय; आमच्याकडे तिकीट कोणाला द्यायचं तेही मतदारच मत देऊन ठरवतात. आम्ही दारोदार फिरत होतो. ती मतं मागायची, मी अंगणाअंगणात तिच्या नावाच्या पाट्या रोवायचे. कोपऱ्यावर आजोबांचं घर आलं आणि मी किंचाळलेच. तिथे ब्रॅनिगनची भलीमोठी पाटी! “आजोबा, शी! स्वतःच्या मुलीविरुद्ध?” व्हरांड्यात कणसं सोलणारे आजोबा म्हणाले, “ओरडू नकोस. तुझ्या मामाला रस्तेखात्यात त्यानेच चिकटवलाय. पाटी दिसली नाही तर पोरगा घरी बसेल.” मी पाटी उपटायला धावले, पण आईने दंड धरला. ती पायऱ्या चढली, परक्या दारात आणते तसं हसू आणलं आणि म्हणाली, “मी नोरीन. तुमचं मत मागायला आलेय.” आजोबांनी रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं, मग कुजबुजले, “विचार करतो, मॅडम.”