तिसोनचा स्वभाव

"वहिनी, नमुना मी पुन्हा तपासून घेतला. तेच उत्तर आलं," यामान्दू म्हणाला. येर्बाच्या पाल्याचा कडू घोट संपवून त्याने भोपळ्याचा तुंबा नेलिदाकडे दिला.

नेलिदाने त्यात पुन्हा गरम पाणी ओतलं. नवरा रूबेन गेल्यापासून ती एवढंच करत होती. पाणी तापवायचं, ओतायचं, द्यायचं.

यामान्दू मेलो गावातला जनावरांचा डॉक्टर आणि रूबेनचा लहानपणापासूनचा दोस्त. गोऱ्ह्यांच्या कानाचे बारीक तुकडे प्रयोगशाळेत पाठवायचे, तिथे जनुकांतल्या खुणा वाचून कुठल्या वळूची पैदास कशी निघेल याचा अंदाज बांधायचा, हे त्या दोघांनीच ठरवलं होतं. उत्तर आलं ते रूबेन गेल्यावर. वजनात, वाढीत, मांसात रूबेनचा वळू तिसोन सगळ्यांच्या पुढे होता. आणि स्वभावाने एवढा शांत वळू अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता.

त्याच तिसोनच्या गोठ्यात रूबेनचा मोडलेला देह सापडला होता.

यामान्दूने तिला समजावून सांगितलं, की हा अंदाज वासरांत काय उतरेल त्याचा असतो. एखाद्या सकाळी जनावराचं डोकं का फिरलं, ते त्यातून कळत नाही. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते पटेना.

"गावची पोरं बसायची हो त्याच्या पाठीवर. त्याला कापू नका. मी घेऊन जातो माझ्याकडे."

कोपऱ्यात रूबेनची आई ओतिलिया जपमाळ घेऊन बसली होती.

"घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्या पोराला मारलं त्याने. त्याची वासरं चरू देत गावभर. तुम्ही बसा गुण देत." मग तिचा आवाज खाली गेला. "तो जिवंत आहे तोवर मला रूबेनसाठी प्रार्थनासुद्धा करता येत नाही रे."

यामान्दूने नेलिदाकडे पाहिलं.

"कत्तलखान्याची गाडी उद्या येतेय," नेलिदा म्हणाली.

तो उठला, टोपी घेतली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. एरवी वळू गाडीत चढवायचा म्हणजे चार माणसांचा घाम निघे. तिसोन नेलिदाच्या हातामागून आपणहून फळीवर चढला. तिने अडसर लावला. मालकाला मारलं तो हाच का, असं ड्रायव्हरने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

दुपारी ओतिलिया बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. "आता माझं लेकरू देवाजवळ निवांत असेल," असं म्हणून तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. नेलिदाने तिला आणखी थोडा पाव वाढला.

रूबेनने शेतावरच्या पवनचक्कीवरून स्वतःला झोकून दिलं होतं, हे, आपला जीव आपण घेणाऱ्याला देवाजवळ जागा नाही असं मानणाऱ्या म्हातारीला आता कधीच कळणार नव्हतं. त्या पहाटे नेलिदाने त्याला हातगाडीवर घालून आणलं आणि गोठ्याचं फाटक उघडलं, तेव्हा तिसोनने बाजूला सरकून तिला जागा करून दिली होती.